सटवाईच्या कागदावर चि.

परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, माझ्या नावाआधी तू हे चि. का लिहितेस? आमच्या योगाच्या वर्गात ची म्हणजे श्वास, चिनी शब्द आहे." मागून तुझा धाकटा भाऊ ओरडला, "ग्रीक अक्षर आहे ते!" मग तू म्हणालीस, "काढून टाक ना. फार सरकारी वाटतं."

मी फोन ठेवला. दूरच्या चीनमध्ये या उच्चाराचा अर्थ श्वास! मला माहीत नव्हतं. अंगावर काटा आला. का, ते दोघांनाही सांगते.

आमच्याकडे चि. म्हणजे चिरंजीव. मी नागपूरला हॉस्टेलवर होते तेव्हा पांढुर्ण्याहून माझ्या वडिलांचं कार्ड यायचं, ते चि. पासूनच सुरू व्हायचं. लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या नावाआधी तेच. कुणी 'आमचे चिरंजीव' म्हणालं की त्यांचा मुलगा समजायचा. उशिरा उठलेल्या त्याच मुलाला 'उठले का चिरंजीव?' म्हटलं की तो टोमणा. इंग्रजी शिकलेली मी, मिस्टरसारखी ही एक रीत असेल असंच धरून चालले होते. एकदा सहज कोश उघडला. चिरम् म्हणजे दीर्घकाळ, जीव म्हणजे 'जग', जगत राहा. म्हणजे वडील दर कार्डावर मला आधी 'खूप जग' असं बजावत होते आणि मग स्वेटर पोचला का ते विचारत होते.

तू जन्मलीस तेव्हा वेळेच्या फार आधी आलीस. तुमच्या तिकडच्या दूरच्या शहरात, दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत होतीस, श्वास मशीन देत होतं. नाव ठेवलेलं नव्हतं. तुझे बाबा फोनवर "बघू या" एवढंच म्हणायचे.

बोरगावहून माझ्या मोठ्या जाऊबाई सकाळच्या बसने सौंसरला माझ्याकडे आल्या. बागेतल्या संत्र्यांची थैली खाली ठेवत म्हणाल्या, "लेकरू तिकडं असलं म्हणून काय झालं? पाचवी आपण इथं करू."

पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, असं आपल्याकडे मानतात. तिच्यासाठी पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात. त्या कागदाला कुणी हात लावायचा नसतो. जाऊबाईंनी सटवाई म्हणून मांडलेल्या वरवंट्याला हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला आणि नैवेद्य आणायला आत गेल्या. मी समोर बसले होते. तो पांढरा कागद मला बघवेना. सटवाई काय लिहील, कुठून सुरुवात करील? मी पेन उचललं आणि अगदी वर, डाव्या बाजूला, चि. लिहिलं.

"माय वं!" जाऊबाई दारातच थांबल्या. "काय करून राहिली? सटवाईचा कागद हाये तो! शाळा शिकली म्हणून तिलेबी डिक्टेशन देतं का?"

"नाही बाई, मी फक्त मायना घातला. मजकूर तिचाच."

जाऊबाई पाटाजवळ आल्या. मला वाटलं, आता कागद बदलतील. त्यांनी ताट खाली ठेवलं, बोटावर कुंकू घेतलं आणि त्या अक्षरावर लावलं.

"मले वाचता येत नाही," म्हणाल्या. "पण काय लिहिलं, ते समजलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या बाबांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. "आई, मशीन काढलं. आपली आपण श्वास घेते आहे."

कागदामुळे झालं, असं मी म्हणणार नाही. डॉक्टर होते, औषधं होती. पण कागदावर चि. खाली काहीच नव्हतं, आणि मी हात जोडून त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. अजून सारंच लिहायचं होतं. जाऊबाईंनी तो कागद बोरगावला नेऊन एका संत्र्याच्या आळ्यात पुरला.

आता तू माझ्याहून उंच झालीस. हे लिहायला बसले तेव्हा जाऊबाई शेजारी संत्रं सोलत होत्या. तू चि. नको म्हणतेस, हे मी त्यांना सांगितलं.

"तिले काय कळते?" त्या म्हणाल्या. "आधी ते लिही वं. मंग बाकीचं."