पौर्णिमाच्या नावाचं ताट

पुंडलिकराव, एकदा कावीळ काय झाली, त्या भांडवलावर तुम्ही उरलेला जन्म डॉक्टरकी केलीत! वर्धा डेपोत कंडक्टर होतात, तेव्हा कुठल्याशा स्टँडवरचं पाणी प्यायलात आणि पिवळे पडलात. सिंदी गावच्या कुण्या बाबाने गळ्यात मुळ्यांची माळ घातली. कावीळ आपली आपण बरी झाली, श्रेय माळेने घेतलं. तेव्हापासून आपल्या कॉलनीत कुणाचे डोळे जरा पिवळट दिसले की तुम्ही हजर. उसाचा रस पाजा, हळद बंद करा, सिंदीला चला. जुलैत हेपॅटायटिस दिनाला समाजमंदिरात भाषण ठोकायलाही तुम्हीच. आलेली डॉक्टरीण बिचारी तुमचं संपायची वाट पाहत बसली.

मग तुमची सून पौर्णिमा रक्तदानाला गेली आणि तिच्या रक्तात हेपॅटायटिस बी निघाला. लोक त्याला पांढरी कावीळ म्हणतात. डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं, शेजारीण म्हणून मीही सोबत होते: हा रक्तातून पसरतो, एका ताटात जेवल्याने नाही, घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या, ज्यांना नसेल त्यांनी लस घ्या. तुम्ही मान डोलावलीत. तिथून तडक भांड्यांच्या दुकानात गेलात आणि एका ताटावर, एका पेल्यावर मशीनने ‘पौर्णिमा’ कोरून आणलंत. तुमच्या घरात चमच्यापासून घागरीपर्यंत सगळीकडे तुमचंच नाव. सुनेचं नाव प्रथमच भांड्यावर आलं, ते असं.

“हे काय?” मी विचारलं.

“ताई, तुमी मले शिकवून राह्यल्या का? कावीळ मी भोगली हाय.”

“ती पाण्याची होती, वेगळी. आणि चौकातला न्हावी पातं न बदलता तुमची दाढी करतो, ते चालतं?”

“तो आपला मानूस हाय.”

वा! विषाणूही ओळखपाळख पाहूनच अंगात शिरत असेल.

पौर्णिमा त्या ताटात जेवायची, सगळ्यांचं आटोपल्यावर, मोरीजवळ बसून. गजेंद्रने, तिच्या नवऱ्याने, रक्त तपासलं, लस घेतली. तोंड मात्र उघडलं नाही. शेवटी तीच तुमच्यासमोर येऊन उभी राहिली.

“मामाजी, मी समुद्रपूरले चालली, आईकडे. तुमचं रक्त तपासून घ्या. रिपोर्ट कायबी येऊ द्या, तो घेऊन मले न्याले या. नाई तर मी येत नाई.”

“काऊन? मले काय झालं?”

“तेच तर पाहाचं हाय.”

असं उत्तर तुम्हाला अख्ख्या नोकरीत कुण्या पॅसेंजरने दिलं नसेल. घाम फुटला तुम्हाला. फुटणारच! तुमच्या रक्तात निघाला तर वेगळं कोरायचं कशावर? तुमचं नाव सगळ्या भांड्यांवर आधीच आहे.

ती गेल्यावर आपलं ठरलं असं की सोमवारी तुम्ही आणि मी दवाखान्यात जायचं आणि रिपोर्ट हातात आला की समुद्रपूरची एसटी धरायची. मी ऑटो घेऊन तुमच्या फाटकाशी आले. तुम्ही खिडकीतूनच म्हणालात, “आज अमावस्या हाय ताई, पुढच्या सोमवारी पाहू.” पुढच्या सोमवारी गुडघा दुखला. मग पाहुणे आले. मग तुम्ही खिडकीशी येणंच बंद केलंत.

परवा पौर्णिमाचा फोन आला. “काकू, मामाजी तपासाले गेलते का?”

नाही गेले, म्हटलं.