बाबांचे फुगे

बाबांच्या फुफ्फुसांचा आजार बरा होणारा नाही, रोजच्या व्यायामाने फार तर आटोक्यात राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात रंग फवारण्यात त्यांचं आयुष्य गेलं. व्यायाम नीट व्हावा म्हणून मी दवाखान्याचा खेळ असलेला टॅबलेट घरात आणला. त्याच्या कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं की पडद्यावर आपलीच खोली दिसते आणि तिच्यात फुगे तरंगतात. हात उंचावून, पावलं टाकून ते फोडायचे. गुण थेट दवाखान्यात जातात आणि माझ्या फोनवरही येतात.

हेब्बाळच्या ऑफिसात बसून मी ते चढते गुण बघायचे आणि खूश व्हायचे. दवाखानाही खूश. त्यांनी घरी येणारी फिजिओ बंद केली.

तीन महिन्यांनी आई, बाबा आणि मी तपासणीला गेलो. दवाखान्याच्या लांब कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालायचं होतं. दुसऱ्याच मिनिटाला बाबा भिंतीला टेकले. ओठ निळसर पडले. "अंकल, स्वल्प निल्ली, जरा थांबा," म्हणत फिजिओ खुर्ची घेऊन धावली. मी तिच्यावरच खेकसले, "तुमचा खेळ खोटारडा आहे!"

आई हळूच म्हणाली, "खेळ खोटा नाही गं. फुगे मी फोडत होते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तू? का?"

"त्यांना धाप लागायची, बघवायचं नाही. वटपौर्णिमेचा उपास त्यांच्यासाठी मीच करते ना? तसंच हे."

काय बोलावं या बाईला! आणि बाबा? जन्मभर बायकोच्या उपासांचं पुण्य आयतं खाल्लेला माणूस, सोफ्यावर बसून हेही मुकाट बघत राहिला. तो हुशार कॅमेरा तर धन्यच. समोर साडी आहे की लेंगा, त्याला काही देणंघेणं नाही.

"मला एकदा सांगता आलं नाही?" परतताना मी रिक्षात ओरडले.

बाबा थांबत थांबत म्हणाले, "पहिल्या आठवड्यात गुण कमी पडले... तेव्हा तू फोनवर काय म्हणालीस?"

मला आठवत होतं. 'हात हलवायचाही कंटाळा येतो का तुम्हाला?' असं मी बापाला विचारलं होतं. राग होताच, पण आता तो कुणावर काढायची सोय उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. बाबांनी चार फुगे फोडले आणि त्यांना धाप लागली. आई उठायला लागली. मी तिचा हात घट्ट धरून तिला खाली बसवलं. पाचव्या फुग्याला बराच वेळ लागला.