आबांची तासणी आणि खंडेनवमीचा पाट

श्रावण सरता सरता आबा गेले. त्याच्या आदल्या सकाळी मी पेजेची वाटी घेऊन ओटीवर गेले, तर ते खाडीकडे तोंड करून पडून होते. भरतीचं पाणी चढत होतं आणि पाण्यावरचं ऊन छपराच्या वाशांवर हलत होतं. आबा ते हलतं ऊन बघत होते, की झोपेत होते, कोण जाणे... एकाएकी म्हणाले, "सूनबाई, यंदा खंडेनवमीला माझी तासणी पाटावर बसवू नका हो. मी वर्षभर अंथरुणावर, तिनं एक ढलपीसुद्धा काढली नाही." मी म्हटलं, "आधी पेज घ्या. तासणीचं मागाहून बघू." त्यांनी दोन घोट घेतले आणि पुन्हा डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. रडू तर आलंच, पण ते वाक्य माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं. ज्या तासणीनं लाकडं तासून आम्हा सगळ्यांना जेवू घातलं, तिलाच पूजेच्या दिवशी कोपऱ्यात ठेवायचं?

आबा म्हणजे माझे मामंजी, कोलशेतचे सुतार. मिठागरातल्या माणसाला फावडं घ्यायचं असो की कोळणीला कोयती, आबांना सोबत नेल्याशिवाय कोणी कल्याणच्या बाजाराची वाट धरत नसे. आगगाडी होती, पण आबा जायचे पडावानेच, खाडीतल्या मोठ्या होडीनं. मला अक्षरं शिकवली ती यजमानांनी, पण बाजारात हत्यार पारखणं दाखवलं आबांनी. एकदा मला कल्याणला माहेरी सोडायला तेच आले होते. पहाटेच्या धुक्यात पडाव निघाला, दोन्ही काठ दिसेनासे झाले, वल्ह्याच्या आवाजाखेरीज जगात काही उरलंच नाही. आपण कुठे निघालोय हेही मी विसरले... अजून डोळे मिटले की तो पडाव तसाच चाललेला असतो, कुठे पोचतच नाही.

दुकानात आबा धार बघत नसत. हत्यार दोन बोटांत लोंबतं धरायचे, नखानं टिचकी मारायचे आणि कान देऊन उभे राहायचे. बरोबरचा आगरी उतावीळ व्हायचा. "आबा, यो कोयता कसा हाय? घेव का नको?" आबा म्हणायचे, "मला काय विचारतोस? जांगडावर ने." जांगड म्हणजे माल घरी न्यायचा, वापरायचा, पटला तर ठेवायचा, नाहीतर परत. दुकानदार कपाळाला हात लावायचे, पण आबांना नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. आबा पसंत करतील ते हत्यार सगळा गाव घेणार, हे त्यांना पक्कं ठाऊक! घरात तर आबांचा नियम त्याहून कडक. वर्षभर राबलेलं हत्यारच खंडेनवमीला पाटावर बसायचं, त्यालाच हळद, त्यालाच झेंडू. बाकीचं उंबऱ्यापाशी. एक विलायती करवत वर्षभर अशी उंबऱ्यापाशी ताटकळली, मग तिला पाटावर घेत म्हणाले, "गोरी आहे, पण कामचुकार नाही."

माझ्या लग्नात बापानं विळी दिली होती. तोही कल्याणचा सुतारच. पातं लोहाराकडून आणलेलं, खालचं लाकूड फणसाचं, स्वतः घडवलेलं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. "व्याह्यांना सागवान परवडलं नाही वाटतं! पहिल्याच पावसात तडकेल." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तरातरा आबांसमोर गेले, नव्या नवरीनं करू नये ते केलं. म्हटलं, "मामंजी, तुम्ही सांगा, विळी चांगली की वाईट?" ते म्हणाले, "जांगडावर आहे." मी फणकारले, "मग मीपण जांगडावरच का?" आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "नाही गं पोरी. माणूस जांगडावर आणत नाहीत." वर्षभर त्यांनी त्या विळीबद्दल चकार शब्द काढला नाही. मी मात्र रोज भाजी चिरताना लाकडावरून बोट फिरवायची, चीर तर गेली नाही ना... खंडेनवमी आली. आबांनी सगळ्यात आधी विळी उचलली, धुतली आणि पाटाच्या मधोमध ठेवली. संध्याकाळी कल्याणला निघालेल्या पडाववाल्याला हाक मारून म्हणाले, "आमच्या व्याह्यांना सांग, विळी पाटावर बसली." आई सांगायची, तो निरोप ऐकून बाबा बराच वेळ नुसते उपरण्यानं डोळे पुसत होते.

यंदाची खंडेनवमी आली. गोडधोड नव्हतं, पण हत्यारांची पूजा चुकवायची नसते. यजमानांनी तासणी पुसली आणि पाटावर ठेवायला गेले. मी आडवी आले. "आबांनी नको म्हटलंय." यजमान चिडले, "बापाची तासणी आहे ती! लोक काय म्हणतील?" सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मला बघवेना. तासणी बाहेर ठेवली तर आबांचा अपमान, पाटावर बसवली तर आबांचा शब्द खोटा. पाटावर ठेवायला मी धुतलेली विळी हातात घेतली आणि पातं हललं. इतक्या वर्षांनी खाच सैल झाली होती.

मी यजमानांच्या हातातून तासणी घेतली. आमच्या घरातल्या बाईनं कधी तिला हात लावला नव्हता. अंगणात बाभळीचा तुकडा ओंडक्यावर धरला आणि घाव घातला. पहिला हुकला. सासूबाई ओरडल्या, "अगं अगं, पायावर पडेल!" यजमान खाली बसले, लाकूड घट्ट धरलं आणि म्हणाले, "तिरपी धर. तशी नव्हे, अशी." ढलपी उडाली. मग दुसरी. बाभळीचा वास सुटला आणि वाटलं, आबा ओटीवर पडूनच ऐकताहेत, टिचकीचा आवाज ऐकायचे तसे... मी त्या तुकड्यातून पाचर तासून काढली, विळीच्या खाचेत ठोकली, पातं घट्ट बसलं. मग तासणी धुतली. यंदा तिनं काम केलं होतं. ती पाटावर बसली, विळीच्या शेजारी. सासूबाईंनी स्वतः तिला हळद लावली आणि तेव्हा कुठे त्या मोठ्यानं रडल्या.

पाचर वाकडी झालीय. रोज भाजी चिरायला बसले की ती दिसते आणि मी आबांच्या ओटीकडे बघते. विचारायची गरज नाही, काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे. पुढच्या खंडेनवमीपर्यंत पाचर जांगडावर आहे.