डब्लिनमध्ये राहायचं म्हणून

माझी बाळंतपणाची रजा संपत आली तेव्हा आम्ही आमच्या उपनगरातली, ओंगारच्या आसपासची पाळणाघरं पाहून आलो. शेवटचं पाळणाघर पाहून बाबागाडी ढकलत घरी परतताना नवरा म्हणाला, "म्हणजे तू नोकरी करणार ती पाळणाघराची फी भरायला."

तसंच होतं ते. तरी नोकरी सोडायचा विचार दोघांनीही केला नाही. मंदीचे दिवस होते. ओळखीतली माणसं एकेक करून कमी होत होती. कुणी पुण्याला परत गेलं, कुणी लंडनला, कुणी थेट ऑस्ट्रेलियाला. एकाची नोकरी गेली तर दुसऱ्याची असावी, एवढंच आमचं नियोजन होतं. आणि नोकऱ्या काय त्या डब्लिनमध्येच, असं आम्ही धरून चाललो होतो. मला ते शहर आवडायचंही. विमा कंपनीचं माझं ऑफिस नदीच्या काठावर होतं. जेवणाच्या सुट्टीत सँडविच हातात घेऊन पाण्याच्या कडेने चालत जायचं, आणि आपण कुठेतरी पोचलोय असं वाटायचं.

मग जे बऱ्याच मराठी घरांत चालायचं तेच आम्ही केलं. दोघांच्या आयांना बोलावलं. तीन महिने सासूबाई, त्यांचा व्हिसा संपला की माझी आई. मधल्या फटीत आमच्या रजा.

आई कराडची. नगरपालिकेत पाणीपट्टीच्या खिडकीवर तिने आयुष्य काढलं होतं. दिवसभर समोर माणसं. कुणाचं बिल चुकलंय, कुणाच्या नळाला पाणीच येत नाही, कुणाला नुसतंच भांडायचंय. बाबा गेल्यावरही ती घरात बसून राहिली नाही. अशा बाईला आम्ही ओंगारमध्ये आणून ठेवलं.

पत्ता डब्लिनचा, पण डब्लिन तिथून बसने तासभर. गर्दीच्या वेळी त्याहून जास्त. एकसारख्या विटांची नवी घरं, प्रत्येक दारासमोर गाडी उभी करायची जागा. मागच्या बाजूला एक इमारत अर्ध्यावर थांबलेली, पैसे संपल्यावर कामगार गेले ते परत आलेच नाहीत. सकाळी सातला अख्खी वस्ती बाहेर पडायची आणि अंधार झाल्यावर परतायची. नवऱ्याचं ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सँडीफर्डला होतं. तो माझ्याही आधी निघायचा.

आई पहिल्यांदा आली तेव्हा उन्हाळा होता. शेजारच्या घरात एक तरुण आयरिश जोडपं होतं. त्यातल्या बाईची बांधकाम कंपनीतली नोकरी गेली होती, त्यामुळे ती घरीच असायची. तिचं इंग्रजी आईला कळायचं नाही, आईचं तिला. तरी दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या राहून तासन्‌तास बोलायच्या. आई तिला थालीपीठ द्यायची, ती आईला सोडा घातलेला पाव द्यायची. तिथे सगळं ठीक असलं की 'ग्रँड' म्हणतात. आई कौतुकाने सांगायची, "काहीही विचारलं की 'ग्रँड' म्हणती. पोट दुखतंय का म्हटलं तरी ग्रँड."

दुसऱ्यांदा आई आली ती ऑक्टोबरमध्ये. तोवर शेजारचे ऑस्ट्रेलियाला गेले होते. घराला कुलूप, खिडक्यांत पडदेही नाहीत. आई पहिल्याच दिवशी कुंपणाशी जाऊन उभी राहिली आणि परत आली.

"सांगितलं न्हाईस," ती म्हणाली.

"काय सांगायचं त्यात, आई? जातात लोक."

त्या हिवाळ्यात तिचं बोलणं कमी होत गेलं. मी संध्याकाळी घरात शिरले की ती आधी माझ्या कोटाची बटणं काढायला यायची, मी लहान असल्यासारखी. मग माझ्या मुलीने दिवसभरात काय खाल्लं, काय सांडलं ते सांगायची. स्वतःचं काही नाही. एकदा मी विचारलं, "कंटाळा येतो का गं?" तर म्हणाली, "कंटाळा यायलाबी कोणतरी लागतं समोर."

आणि मग तो बर्फ पडला. त्याआधी डब्लिनमध्ये असा बर्फ मी पाहिला नव्हता, आणि तिथले लोकही म्हणत होते की आम्हीही पाहिला नाही. आठवडेच्या आठवडे पारा शून्याखाली. रस्त्यांवर टाकायचं मीठ संपलं, नळांना पाणी येईना. नाताळाच्या थोडं आधी एका सकाळी आमच्या घरातलं हीटिंग बंद पडलं. आम्ही दोघंही ऑफिसात पोचलो होतो. आईने जावयाला फोन केला. त्याने ऑफिसातल्या कुणाला तरी विचारलं. बॉयलरचं सांडपाणी बाहेर सोडणारी नळी गोठली की बॉयलर आपोआप बंद पडतो, त्या नळीवर कोमट पाणी ओतलं की सुरू होतो, असं कळलं. बऱ्याच घरांत लोक तेच करत होते. त्याने आईला समजावून सांगितलं. आई म्हणाली, "एवढंच ना? ओतते की."

तिने नातीला बैठकीच्या खोलीत जाळीच्या कठड्यात, प्लेपेनमध्ये ठेवलं, तपेलीत पाणी कोमट केलं आणि स्वयंपाकघराच्या दाराने मागच्या अंगणात गेली. पहिली तपेली ओतली. आत जाऊन दुसरी तापवून आणली. ओतलेलं पाणी तोवर फरशीवर गोठलं होतं. तिचा पाय त्यावरून सटकला.

हे सगळं नंतर कळलं. मला त्या दिवशी एवढंच माहीत होतं की जेवणाच्या सुट्टीत मी घरी फोन केला आणि कुणी उचलला नाही. दोघी झोपल्या असतील, असं वाटलं. थोड्या वेळाने पुन्हा केला. मग पुन्हा. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "सकाळी बोललो की. हीटिंगचं काहीतरी होतं." आणि एकदम त्याचा आवाज बदलला. "मी त्यांना बाहेर जायला सांगितलं होतं."

मी कोट घातला. खिडकीतून खाली पाहिलं तर रस्त्यावर एकही बस नव्हती. निसरड्या रस्त्यांमुळे बस दुपारीच बंद केल्या होत्या. टॅक्सीवाले फोन घेत नव्हते. मी फोनमधली नावं वरून खाली पाहत गेले. तीन वर्षं त्या वस्तीत राहत होते आणि तिथल्या एकाही माणसाचा नंबर माझ्याकडे नव्हता. समोरच्या घरातल्या बाईला रोज सकाळी हात करायचे, तिचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं. शेजारणीचा नंबर होता, पण ती पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला होती.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक आयरिश बाई बसायची, माझ्याहून बरीच मोठी. तिने माझ्याकडे पाहिलं, काय झालं ते विचारलं, आणि मी सांगेपर्यंत फोन हातात घेतलाही होता. तिनेच गार्डांना, म्हणजे तिथल्या पोलिसांना, फोन लावून आमचा पत्ता दिला. मग म्हणाली, "तू चालायला लाग. कुणीतरी गाडी थांबवेल." मी नदीच्या कडेने चालत निघाले. फीनिक्स पार्कच्या पुढे दुधाच्या एका कंपनीच्या ट्रकने मला घेतलं. ड्रायव्हरने गरम हवेचं तोंड माझ्याकडे वळवलं.

मी पोचले तेव्हा पुढच्या दाराची काच फुटलेली होती आणि दारात एक तरुण गार्ड माझ्या मुलीला कडेवर घेऊन उभा होता. त्याने स्वतःचं जाकीट तिच्याभोवती गुंडाळलं होतं. "शी इज ग्रँड," तो म्हणाला. आत आई स्वयंपाकघराच्या जमिनीवर होती, अंगावर त्याने आमच्या पलंगावरची रजई, ब्लँकेटं, हाताला लागेल ते घातलं होतं. ॲम्ब्युलन्सला बर्फामुळे वेळ लागत होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. तशा अवस्थेत ती कोपरांवर सरपटत अंगणातून आत आली होती आणि पायाने दार ढकलून लावलं होतं, घर गार होऊ नये म्हणून. फोन ओट्यावर होता. तिथवर हात पोचणं शक्य नव्हतं. मी तो वाजवत होते तेव्हा ती त्याच्या खाली पडलेली होती.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर, भिंतीला लागून, तिने मला सांगितलं. "हेल्प हेल्प म्हणून ओरडले बराच वेळ. मग पोरगी भ्याली. रडायला लागली. म्हटलं, आपण ओरडायचं न्हाई आता."

"मग काय केलंस?"

"बोलत बसले तिच्याशी. दाराच्या फटीतनं दिसत होतो एकमेकींना. काय बोलणार? खिडकीवर येणारी माणसं सांगितली. सोमवार पेठेतला तो बिलाचे तुकडे करून टाकणारा म्हातारा, ती रोज नवी सही करणारी बाई. हसत होती मधेमधे."

मला रडू आलं. तिने माझा हात धरला, पण समजूत घातली नाही. ती म्हणाली, "तुमचं घर चांगलंय. जावईबी चांगलेत. पण हाक मारावी असं कुणी न्हाई गं इथं."

ऑपरेशन झालं. व्हिसा वाढवून घ्यावा लागला. मी बिनपगारी रजा घेतली आणि घरी दोघींचं करू लागले. एक चालायला शिकत होती, दुसरी पुन्हा शिकत होती. नवरा रोज संध्याकाळी आईच्या पलंगाशी जाऊन उभा राहायचा. एकदा म्हणाला, "आई, मीच सांगितलं तुम्हाला." आई म्हणाली, "तुम्ही नळी दाखवलीत. पडले माझी मी." त्यानंतर बराच काळ घरात तो हळू आवाजात बोलायचा, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसा.

वसंतात आम्ही आईला विमानतळावर सोडलं. तिला व्हीलचेअरवरून आत नेणार होते. मी म्हटलं, "बरी झालीस की ये." ती म्हणाली, "आता तूच ये."

पाळणाघराचा प्रश्न पुन्हा आमच्यासमोर उभा राहिला. सासूबाईंना पाठवायला सासरे तयार नव्हते, आणि त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं. एका शनिवारी नवऱ्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवेमध्ये वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत जागा होती. पगार कमी.

"तिथे माझं काय?" मी विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "पण मला दुपारी घरी येता येईल. कुणी फोन उचलला नाही तर मी चालत येऊन बघू शकेन."

मी लॅपटॉप ओढून जाहिरात पुन्हा वाचली.

आम्ही गॉलवेला गेलो. घर जुनं, ओलसर, पण ऑफिसपासून पायी वीस मिनिटांवर. नवरा दुपारी जेवायला यायचा, आणि मुलीला बाप दिवसाउजेडी दिसू लागला. रस्त्यावरची माणसं थांबून बोलायची, पावसात सुद्धा. हे सगळं खरं आहे. आणि मला दोन वर्षं काम मिळालं नाही, हेही खरं आहे. मी अर्ज करत राहिले, उत्तरं येत नव्हती. एखाद्या सकाळी भांडी घासून स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, लावून झाली की मी उभीच राहायचे. आईला त्या हिवाळ्यात काय होत होतं ते मला तिथे कळलं. शेवटी एका शाळेच्या ऑफिसात अर्धवेळ काम लागलं.

आई वॉकर घेऊन चालू लागली, पण घरापुरतीच. बाजार बंद झाला, जिने बंद झाले. फोनवर विचारायची, "शेजारी कोण आहे गं तिथं?" मी सांगायचे, एक म्हातारे मास्तर आहेत, समोर एक नर्स आहे, तिच्या मुलांशी आपली खेळते. नावं विचारायची आणि लक्षात ठेवायची. पुढच्या फोनला मास्तरांचा खोकला कसा आहे ते विचारायची. ते घर तिने पाहिलं नाही. दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात ती गेली. पडून राहिल्यामुळे छातीत कफ झाला होता. मी पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. खिडकीवर येणारी बरीच माणसं येऊन गेली, असं मावशी म्हणाली.

त्याच वर्षी शरद ऋतूत पासपोर्टच्या कामासाठी मुलीला घेऊन डब्लिनला गेले. काम लवकर झालं. जुन्या ऑफिसातल्या त्या आयरिश बाईला फोन केला आणि आम्ही नदीकाठी भेटलो. ऊन पडलं होतं. पुलावरून माणसं घाईघाईने चालली होती, आणि त्यांच्यातून चालताना माझीही पावलं आपोआप भरभर पडायला लागली. मुलगी मागे राहिली आणि तिच्या गॉलवेच्या सुरातल्या इंग्रजीत ओरडली की मला तुझ्याबरोबर चालता येत नाहीये.

बाईने तिला उचलून घेतलं. आईची चौकशी केली, ती गेल्याचं मी सांगितलं. तिने माझ्या दंडावर हात ठेवला. मग म्हणाली की घरभाडी पुन्हा वाढायला लागलीत, आमच्या विभागात माणसंही घेणार आहेत म्हणे. "येशील का परत?"

परवडणार नाही, असं म्हणणं सोपं होतं, आणि खरंही. पण त्या क्षणी मला यायचं होतं. त्या पुलावर, त्या घाईत, कोटाच्या खिशात हात घालून मला रोज चालायचं होतं, आणि ते मला त्या बाईसमोर, माझ्या मुलीसमोर बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, आमची बस चारची आहे. ती आम्हाला थांब्यापर्यंत सोडायला आली आणि मुलीसाठी वाटेत चॉकलेट घेतलं. बस सुटून शहर मागे पडेपर्यंत मुलगी ते खात होती आणि मी खिडकीबाहेर पाहत होते.