सिस्टरचे आप्पासाहेब

दिवसभर पनवेलच्या गल्ल्यांतून माणसं जगवत हिंडणाऱ्या आमच्या सिस्टरना पुस्तकात मात्र माणसं मेलेली फार आवडत. तीही रीतसर, हसवत मेलेली. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर त्या घरोघरी इंजेक्शनं द्यायला जात. हातात सुयांचा स्टीलचा डबा आणि खांद्याच्या पिशवीत आप्पासाहेबांचा नवा भाग.

आप्पासाहेब म्हणजे एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या एका पुस्तकमालेचे नायक. नायक कसले, चांगले मुरलेले खुनी! इस्त्रीचा कोट, कपाळाला गंध, तोंडात साखर. ज्याला संपवायचं त्याच्या घरी जाऊन आधी खुर्ची जवळ ओढायची आणि विचारायचं, "तब्येत कशी आहे?" मग विष कालवलेलं केशरी दूध पाजायचं. शोकसभेत पहिलं भाषणही त्यांचंच. खुनी कोण हे पहिल्या पानापासून ठाऊक. सिस्टरना उत्सुकता असे ती पुढचा मान कोणाचा याची. "हा पोलिसांना सापडला ना, तर मी वाचणंच सोडीन," असं त्या बजावत.

आमच्याकडे त्या येऊ लागल्या नव्वद सालच्या आसपास, मी सासरहून परत आले तेव्हा. तापातही पाणी भरायला लावून, उपाशी ठेवून तिथे माझं पार चिपाड केलं होतं, आणि नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं नव्हतं. डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं लिहून दिली. मी कोणाशी बोलत नसे. सिस्टर आमच्या स्टोव्हवर सुया उकळायला ठेवत आणि तेवढ्या वेळात मला मोठ्याने वाचून दाखवत. एकदा आप्पासाहेब ऐन शोकसभेत गहिवरले, इकडे डब्यातलं पाणी आटलं आणि काचेची सिरिंज तडकली. "घ्या! हा पण त्यांचाच बळी," सिस्टर म्हणाल्या. मी खळखळून हसले. मला काही झालं की काय म्हणून आई पूजा सोडून धावत आली.

त्या दिवशी धीर करून मी विचारलं, "सिस्टर, मला सासूचा गळा दाबावासा वाटतो. मी वाईट आहे का हो?"

त्या मूळच्या जासईच्या. जिव्हाळ्याने बोलू लागल्या की गावची बोली यायची. "मनातल्या मनात दाब की! मी आमच्या मोठ्या डॉक्टरला किती वेळा मारलाय, म्हणून तर नोकरी पुरी झाली. तू वाईट नाय. तुला राग आलाय, आनि राग यायला पन अंगात जीव लागतो."

काही दिवसांनी दीर मला न्यायला आले. लोक काय म्हणतील या धास्तीने आईही पाठवायला निम्मी तयार होती. सिस्टर स्टोव्हपाशी पुस्तक घेऊन बसलेल्या. दिरांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला, खुर्ची जवळ ओढली आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "वहिनी, तब्येत कशी आहे?"

मी सिस्टरकडे पाहिलं. त्यांच्या तोंडासमोर धरलेलं पुस्तक गदगदा हलत होतं. मग मला जे हसू फुटलं ते आवरेचना. दीर भांबावून माझ्याकडे बघत राहिले. हसता हसताच मी सांगितलं, "मी येणार नाही." इतके दिवस रडून जे तोंडातून निघालं नव्हतं, ते असं निघालं. आईने पेढ्यांचा पुडा उचलून दिरांच्या हातात परत दिला.

पुढे मी बालवाडीत शिकवू लागले, माझं आयुष्य माझं झालं. आप्पासाहेबांचा नवा भाग आला की पहिली प्रत मी सिस्टरना नेऊन देई. त्यांचे उपकार फिटण्यातले नव्हते, आणि तसं म्हटलेलं त्यांना खपतही नसे.

सिस्टर शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळल्या तेव्हा वाचून दाखवायची पाळी माझी आली. एका दुपारी मी पुस्तक घेऊन गेले तर डोळे मिटलेले, श्वास जड. स्टूल जवळ ओढून, त्यांचा हात हातात घेऊन मी विचारलं, "सिस्टर, तब्येत कशी आहे?"

त्यांनी एक डोळा उघडला.

"दूध कुठं हाय?"