तार मळली की मेली

द्वारकाबाई पुणतांबेकर यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती भांडणाने. लढाई सुरू होण्याच्या आधीची गोष्ट. माझी नात शकू हिला सतार शिकायची हौस आली. पोरीला नगरात एकटी कुठे पाठवायची, म्हणून मी तिच्याबरोबर दिल्ली दरवाजाजवळच्या बाईंच्या वर्गात गेले. वाटले, आज ही सा रे ग म शिकेल आणि घरी येऊन आमचे कान किटवील. तर बाईंनी काय करावे? जुन्या मलमलीच्या धोतराचे तुकडे फाडले, एकेक मुलीच्या हाती दिला आणि सगळा वेळ सतारीच्या तारा पुसायला लावल्या.

मला राहवेना. भिंतीशी बसल्या बसल्या म्हटले, "बाई, फडकं मारायचं काम मी हिला घरीच शिकवते की. त्यापायी एवढ्या लांब कशाला यायचं?"

बाई रागावल्या नाहीत. "आजी, जरा इकडे या," म्हणाल्या. मी त्यांच्याहून थोडीच मोठी, पण त्या दिवशी त्यांनी मला आजी केले ते केलेच. माझे बोट धरून एका तारेखालून फिरवले. तार खरखरीत लागली. मग ती वरून-खालून कोरड्या फडक्याने पुसली आणि पुन्हा बोट फिरवले.

"आता कशी लागते?"

"आता गुळगुळीत हाय."

मग दुसरी तार. ती कितीही पुसली तरी दांडीवरच्या पितळी पडद्यांच्या जागी बोटाला बारीक खाचा लागत राहिल्या. "ही मेली," बाई म्हणाल्या. "पहिली नुसती मळली होती. मळलेली पुसायची, मेलेली बदलायची. एवढं कळलं की अर्धी सतार आली."

"मग मला आली म्हना की अर्धी!"

"आली ना. उरलेल्या अर्धीसाठी उद्यापासून येत चला."

अशी मी शिष्या झाले. सतार काही माझ्या बोटांना जमली नाही. बाईंनी तंबोरा दिला, तो जमला. अक्षर मी जन्मात गिरवले नाही; बाईंच्या सत्कारासाठीचा हा लेखही मी सांगते आहे आणि शकू लिहिते आहे. मी 'हाय' म्हणते तिथे ती 'आहे' लिहिते, आणि वर मला दटावते. पण चार तारा सुरात लावायच्या म्हटल्या तर अजून तिच्या आधी माझ्या लागतात, हे तिने लिहिले आहे की नाही ते कुणीतरी वाचून बघा.

बाई मूळच्या पुणतांब्याच्या. वडील गोदेकाठच्या देवळात कीर्तन करीत. त्यांच्या मागे त्यांची सतार बाईंकडे आली. ती आणि एक ट्रंक घेऊन त्या नगरला आल्या आणि मुलींना शिकवू लागल्या. त्या काळी सतार हातात घेणाऱ्या बाईकडे लोक कसे बघत, ते माझ्या वयाच्या मंडळींना सांगायला नको. बाईंनी कुणाशी वाद घातला नाही. त्या रोज वेळेवर दार उघडीत आणि वेळेवर लावीत. बघणारे बघून बघून दमले.

त्यांची काटकसर आम्ही सगळ्यांनी सोसली आहे. त्यांच्याकडचा चहा म्हणजे चहाची आठवण काढून प्यायलेले गरम पाणी. लुगड्याला ठिगळ, ठिगळाला रफू. पण तारेच्या बाबतीत त्यांना चिक्कूपणा खपत नसे. एखादी मुलगी गंजकी तार रेटून वाजवू लागली की म्हणत, "अगं, तिला आता सोड. ती मेल्यावरसुद्धा तू तिच्याकडून काम करून घेतेस." आणि एखादीने उगीच नवी मागितली तर तितक्याच शांतपणे फडके पुढे करीत. आधी पूस, मग रड. सकाळी लावलेली तार पुसूनही दुपारपर्यंत उतरत असेल, आवाज भांड्याला फडके गुंडाळल्यासारखा येत असेल, तरच डबा उघडायचा. या डब्यात नव्या तारांची वेटोळी असत.

लढाई लागली आणि तो डबा रिकामा होत चालला. परदेशी पोलादी तार बाजारातून गेली ती गेलीच. पुण्याला कुणी गेले की बाई त्याला सांगत, आणि तो हात हलवीत परत येई. शेवटी डब्यात एकच वेटोळे उरले, तेही एका तारेपुरते. बाईंच्या स्वतःच्या सतारीची बाजाची तार, म्हणजे जिच्यावर सगळे गाणे वाजते ती, मरायला टेकली होती. त्या ती पुसून पुसून दिवस काढीत होत्या. शेवटचे वेटोळे दसऱ्यासाठी राखले होते, आणि त्याला कारण होते.

वर्गाची खोली एका आडतदार शेठजींची. त्यांना ती पोत्यांसाठी हवी होती. माणूस सरळ. म्हणाले, "बाई, मला गाण्यातलं काही कळत नाही. पण दसऱ्याला सोनं द्यायला येईन तेव्हा तुमची सतार ऐकतो. ऐकून वाटलं तर ठेवा खोली. नाहीतर मला माझी पोती बघायला हवीत." खोली गेली असती तर बाईंना पुणतांब्याला भावाच्या घरी जाऊन बसावे लागले असते, आणि इथल्या मुली आपापल्या चुलीपुढे.

आता खंडेनवमीला आपल्याकडे जो तो आपली हत्यारे धुऊन-पुसून पूजेला मांडतो. सुतार रंधा मांडतो, शिंपी मशीन मांडतो. पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. बाई आणि मी सकाळी झेंडू आणायला गेलो आणि मागे बायजाबाई आल्या. या एका विद्यार्थिनीच्या आई, भाळवणीकडच्या. त्यांच्या घरचे तांबे-पितळ इतके लख्ख, की पाणी प्यायला गेले तर आधी आपले तोंड दिसते. त्यांनी पाहिले, वाद्ये पूजेला मांडायची आहेत आणि तारा काळवंडल्या आहेत. घरून चिंच आणि राख आणली आणि बसल्या घासत. बाईंची सतार तेवढी गवसणीत होती म्हणून वाचली.

आम्ही आलो तोवर सगळे झाकून तयार होते. बाईंनी नाक वर करून म्हटले, "आंबूस वास कसला येतोय?"

मी म्हटले, "शेजारी सार उकळतंय जनू."

पूजा झाली. दसऱ्याच्या सकाळी वाद्यांवरचे कापड काढले, तर तारांवर तांबूस ठिपके उठलेले आणि राख तारा टेकतात त्या घोडीपर्यंत जाऊन बसलेली. बागवान आळीतली सकीना ही बाईंची सगळ्यांत तयार मुलगी. तिने सतार उचलून एक सूर छेडला आणि तिचे डोळेच भरले. नेमक्या त्याच वेळी बायजाबाई हसत आत आल्या. "बगा बाई, कसं सोन्यावानी केलंय!"

बाई म्हणाल्या, "मेहनत तर फार घेतलीत हो. बसा, चहा घ्या." त्या चहाची शिक्षा पुरे होती, दुसरी कुणी केली नाही.

मग बाईंनी एकेक सतार मांडीवर घेतली. पितळी तारा कोरड्या पुसून बोटाने तपासल्या. त्या नुसत्या मळल्या होत्या, वाचल्या. पोलादी बऱ्याच तेलाच्या बोटाने पुसून चालत्या केल्या. पण सकीनाच्या बाजाच्या तारेवर त्यांचे बोट थांबले. "ही गेली. मींड घेताना ओढली की तुटेल." आणि त्यांनी डबा उघडला.

मी आडवी झाले. "बाई, ती तार तुमची हाय. शेठजी तुमचं ऐकाया येनारेत, पोरीचं न्हाई."

"आजी, खोली मी कुणासाठी मागतेय?"

"पोरींसाठी."

"मग पोरीच वाजवतील."

"आन् चुकली तर? पुणतांब्याला जाऊन गवऱ्या थापनार का?"

"थापीन. तुम्हीही चला जोडीला," असे म्हणून त्यांनी तार सकीनाच्या खुंटीला गुंडाळली.

दुपारी शेठजी आले, सोबत त्यांची आई. मी तंबोऱ्यावर. सकीनाने सुरुवात छान केली. पण नवी तार ताणली जाते आणि उतरत राहते. ऐन रंगात ती उतरली आणि सूर घसरला. सकीना थांबली. तिने बाईंकडे पाहिले. बाई जागच्या हलल्या नाहीत, मान तेवढी हलवली. पोरीने ओढणी सावरली, खुंटी पिळली, कान लावून तार चढवली, पुन्हा माझ्या तंबोऱ्याशी पडताळली आणि सोडले होते तिथून उचलले.

शेठजी माझ्या कानाशी पुटपुटले, "चुकली का हो?"

"शेठजी, तराजूचा काटा सरकला तर तुमी आधी काटा बगता का तसंच मोजता?"

ते हसले आणि मांडी घालून नीट बसले. संपल्यावर त्यांच्या आईने सकीनाच्या तोंडावरून हात फिरवून बोटे मोडली आणि मुलाला म्हणाल्या, "पोती कुठं ठेवायची ते तू बघ." शेठजींनी बघितले. अर्धी पोती दुसरीकडे ठेवली आणि अर्धी आमच्याच खोलीत. तेव्हापासून आमच्या मुली ज्वारीच्या धुळीत बसून शिकतात आणि आधीपेक्षा दुप्पट पुसतात. पण खोली आहे.

पुढच्याच आठवड्यात बाईंनी बायजाबाईंना बोलावले. आम्हाला वाटले, आता बोलणी बसणार. बाईंनी त्यांच्या हाती मलमल दिली आणि तारा राखण्याचे काम कायमचे सोपवले. माणूस एका चुकीवरून मोडीत काढायचा नाही, ही त्यांची रीत. आज बायजाबाई दारातच पोरींचे हात तपासतात आणि घामट हात घेऊन आलेल्या बाईंनाही माघारी धाडतात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि बाई निमूटपणे हात धुऊन आल्या हेही.

आता लढाई संपली. तारा दुकानात दिसू लागल्या. सकीना काष्टीला, माझ्या माहेरी, आठवडे बाजाराच्या दिवशी मुलींना शिकवायला जाते. तिथल्या बायकांनी तिला म्हणे पहिल्याच दिवशी विचारले, सतार आधी की फडके आधी? काष्टीच्या बायका माझ्यावर गेल्या आहेत.

बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांचे डोळे, कान आणि बोटे अशीच शाबूत राहोत. शंभरी त्यांनी आमच्यादेखत गाठावी. मी तोवर कुठेही जायची नाही, कारण तंबोरा दुसऱ्या कुणाला नीट लावता येत नाही. देवाने त्यांना चहात साखर घालण्याची बुद्धीही द्यावी, पण ते त्याला जमेल असे वाटत नाही.

सत्काराच्या दिवशी मुलींनी बाईंच्या सतारीवर पुण्याहून आणलेल्या नव्या तारा चढवायचे ठरवले आहे. बाई, त्या दसऱ्याला तुमची सतार ऐकायची आमची राहून गेली. त्या दिवशी कुठल्याही पोरीला पुढे करू नका. तुम्ही वाजवा. आम्ही सगळ्या बसून ऐकणार आहोत.