सेम्बावांगच्या स्वयंपाकघरात अमेरिकेची प्रश्नावली

चांगी विमानतळावर पाय ठेवला तेव्हा वय बावन्न असूनही मनात सोळा वर्षांच्या मुलीसारख्या उकळ्या फुटत होत्या. सव्वीस वर्षं मी सांगलीच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, पण माझा समाज मिरजेपासून इस्लामपूरपर्यंतच. अमेरिकेत शिकणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं माझं नाव सुचवलं आणि तिच्या प्रोफेसर लोरेनबाईंची दुभाषी म्हणून मी नऊ दिवसांसाठी सिंगापूरला आले.

लोरेनबाई स्वतः घ्यायला आल्या होत्या. कृष्णवर्णीय, सहा फूट उंच, रुपेरी कुरळे केस, लिंबाच्या रंगाचा झगा. अमेरिकेत माणसाचा वर्ण, त्याचं काम आणि त्याचं दुखणं यांचा काय संबंध, कुणी ‘दुखतंय’ म्हटलं की डॉक्टर लगेच उठतो आणि कुणाला ‘बघू’ म्हणतो, हे शोधण्यात त्यांची हयात गेलेली. आता तुलनेसाठी त्यांना इथल्या गोदीतल्या मराठी इंजिनिअरांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलायचं होतं, तेही मराठीतच, कारण दुखणं माणूस आपल्या भाषेतच नीट सांगतो.

“नियम एकच,” त्या म्हणाल्या. “समोरचा बोलेल तेवढंच मला सांगायचं. स्वतःचं काही घालायचं नाही.”

मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हॉकर सेंटरमध्ये (एका छताखाली मांडलेल्या खाण्याच्या टपऱ्या) गेलो. उकाड्यानं घामाघूम झाले होते. एका रिकाम्या टेबलावर टिश्यू पेपरचं पाकीट दिसलं. किती सोय करतात हे लोक, म्हणून मी ते फोडलं आणि ऐसपैस तोंड पुसलं. तेवढ्यात ट्रे घेऊन एक गृहस्थ आले आणि माझ्याकडे बघतच राहिले. इथं पाकीट ठेवून जागा धरतात, त्याला ‘चोप’ म्हणतात. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात ना, तेच! मी त्यांचा रुमालच वापरला होता. मी माफी मागितली, लोरेनबाई मात्र खांब धरून हसत होत्या.

कॉफीच्या टपरीवरच्या चिनी आजींनी लोरेनबाईंना विचारलं, “तू कुठली?”

“अमेरिकेची.”

“ते नाही लाह! त्याआधी कुठली?” (‘लाह’ हे इथल्या बोलीतलं वाक्याचं शेपूट, आपल्या ‘गं’सारखं.)

“त्याआधी? माझ्या पूर्वजांना जहाजात कोंबून तिकडे नेलं. ते कुठले, हे कुणी विचारलंच नाही.”

आजी काया टोस्टच्या (नारळ-अंड्याचा गोड जॅम लावलेला पाव) बशीत एक जास्तीचं अंडं ठेवून म्हणाल्या, “खा.”

तिथून एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, सेम्बावांग. बाराव्या मजल्यावर सावंतांचा फ्लॅट. मूळचे देवगडचे सावंत जहाजदुरुस्तीच्या गोदीत इंजिनिअर. त्यांच्या पत्नी मंगलताईंनी दार उघडलं. त्यांचा झोकदार बॉयकट बघून मी म्हटलं, “छान दिसतो हो!” त्या नुसत्या हसल्या.

लोरेनबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “तुमचा वंश कोणता?”

“म्हणजे गोत्र का?” सावंत गोंधळले. “हे बघा, इथल्या कागदावर मी इंडियन. मुंबईत कोकणी. कोकणात देवगडचा. देवगडात खालच्या आळीतला. यांना कुठलं हवंय ते लिहा.”

हे ऐकून लोरेनबाई इतक्या हसल्या की चष्मा मांडीवर पडला.

तब्येतीच्या प्रश्नांना मात्र सावंतांचं एकच उत्तर: “ठणठणीत!” घरच्यांची तब्येत? “तीही ठणठणीत!”

इतक्यात स्वयंपाकघरात धडाम् झालं. मंगलताई वरच्या फळीवरचा डबा उलथन्यानं ओढत होत्या, तो खाली आला आणि शेव घरभर. आम्ही चौघंही गुडघ्यांवर बसून शेव गोळा करू लागलो. तशा बसल्या बसल्याच लोरेनबाईंनी विचारलं, “आणि तुमची तब्येत?”

“काही नाही. खांदा जरा असाच.”

मी जसंच्या तसं सांगितलं. लोरेनबाई पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. माझं लक्ष मात्र मंगलताईंच्या उजव्या हाताकडे होतं. तो पोटाशी धरलेला होता. मला राहवेना.

“बॉयकट हौसेनं केलात?”

मंगलताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “वेणी घालता येईना. दोन वर्षं हात वर जात नाही. त्या कुशीवर झोपताही येत नाही.”

“मला बोलली नाहीस?” सावंत.

“बोलले की. तुम्ही म्हणालात, वय झालं, तेल लाव.”

मी सगळं इंग्रजीत सांगितलं आणि वर म्हटलं, “आमच्याकडे बाई ‘काही नाही’ म्हणाली, की पुष्कळ काही असतं. हे मात्र माझ्या पदरचं.”

झालं, आता परतीचं विमान, असं मला वाटलं. पण लोरेनबाईंनी फाईल मिटली. “माझी आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात राबायची. पोटात दुखतंय म्हणाली, तर तिथल्याच डॉक्टरांनी ‘बघू’ म्हटलं. ती गेली तेव्हा मी फार लहान होते,” त्या म्हणाल्या. “उद्या डॉक्टरकडे जाऊ.”

दुसऱ्या दिवशी आम्ही नोव्हेना भागातल्या इस्पितळात गेलो. सावंतही रजा टाकून आले, बायकोची पर्स छातीशी धरून. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काय होतंय?” तसे सावंत ताडकन म्हणाले, “तिलाच विचारा. मी चुकीचं सांगतो.”

खांदा आखडला होता. इंजेक्शन, व्यायाम, काही महिन्यांचा धीर. पण सुटेल, म्हणाल्या. मंगलताईंचा आनंद वेगळाच: “मी बोलले ते सगळं त्यांनी लिहून घेतलं हो!”

व्यायाम असा, की भिंतीवरून बोटं मुंगीसारखी वर चालवायची. बाहेर पडल्याबरोबर मंगलताईंनी स्टेशनच्या भिंतीवर सुरुवात केली. सोबत म्हणून मीही लागले, मग सहा फुटी लोरेनबाई, मग पर्ससकट सावंत. चौघांच्या मुंग्या चढताहेत आणि जाणारे-येणारे थबकून बघताहेत! मंगलताईंची बोटं कानाच्या जरा वर पोचली. त्या कळवळल्या, आणि मग अशा हसल्या की आम्हाला भिंत सोडून एकमेकांना धरावं लागलं.

पुढच्या सहा दिवसांत बाकीच्या मुलाखती नियमानं झाल्या. निरोप देताना लोरेनबाई म्हणाल्या, “सावंतांची मुलाखत धरता येणार नाही. मी स्वतःच ढवळाढवळ केली.” चेहरा मात्र बक्षीस मिळाल्यासारखा.

मुंबईहून सांगलीच्या बसमध्ये मी विचार करत होते. सव्वीस वर्षं मी मुलांना प्रश्नावली कशी तयार करायची ते शिकवलं, उत्तर कानावर आल्यावर काय करायचं ते कधी शिकवलं नाही. शेजारी मांडीवर टोपली घेतलेल्या एक बाई बसल्या होत्या. मी विचारलं, “कशा आहात?”

“बरं आहे,” त्या म्हणाल्या.

मी गप्प बसून त्यांच्याकडे बघत राहिले. साताऱ्याच्या अलीकडे त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि कराड आलं तरी त्या थांबल्या नाहीत.